दिव्यानीची विमानं

२ मे

फॉर्म भरला तिनं. मले विचारलं नाई. बापाले विचारलं म्हणते — तो काय बोलणार! मान हलवली असन. सहा वर्षं झाली, त्याची मान सगळ्यायलेच हलते.

मी आंगणात तेंदूपत्त्याच्या जुड्या बांधत होती. दिव्यानी समोर येऊन उकिडवी बसली अन् सांगाले लागली. "आजी, वरती विमानं असतात नं, त्यायले खालून रेडिओवर सांगायचं. तू इतक्या उंचीवर राह्य. तू डावीकडून जा. तू आत्ता उतर, तू नको उतरू." मी म्हटलं, चालवणाऱ्याले डोळे नाईत का? म्हणे, "डोळे आहेत, पण विमान बैलबंडीसारखं मधात थांबत नाई नं."

एका विमानात किती माणसं, विचारलं. "दीडशे, दोनशे." अन् तुले एका वेळी किती विमानं पाहाची? "असतात दहा-पंधरा." हसत सांगते. दोनशे गुणिले पंधरा मले येत नाई, चौथीत शाळा सुटली. पण हातातली जुडी सुटून पानं सांडली.

३ मे

प्रवीणच्या गाडीत चौदा होते.

लिवूनच टाकावं एकदा. माझा पोरगा काळीपिवळी जीप चालवायचा, मुलचेऱ्याहून गडचिरोलीले. सवारी भरली का निघायचा. डिसेंबरची सकाळ, जंगलात धुकं, वळणावर एक ट्रक बंद पडून उभा. तीन माणसं गेली. पोलिसायनं सोडलं, कोर्टानं सोडलं. त्यानंच स्वतःले सोडलं नाई. तेव्हापासून गाडी नाई, सायकल नाई, वावरातही पायी जाते. बोलणं तर गेलंच. त्याची बायको त्याच्या आधीच तापानं गेली, पाहाले उरली नाई, ते एक बरं.

दिव्यानी तेव्हा बारावीत होती. बापाचे हात थरथरत म्हणून चहाचा कप तिनं पकडायचा अन् त्यानं प्यायचा. सगळं पाह्यलं आहे तिनं. तरी म्हणते मी विमानं सांभाळते.

चौदा माणसायचं ओझं त्याले उचललं नाई. हिचं काय होईन?

९ मे

सुगंधाबाई कुंपणावरून म्हणे, "बायनाबाई, तुमची नात हवाई सुंदरी होऊन राह्यली म्हणे." मी म्हटलं, सुंदरी नाई, चौकीदार. तिची बहू तोंडात पदर कोंबून हसली. हसू दे. तिचा पोरगा तीन वेळा दहावीले बसला, मी हसली का कधी? हसली. पण घरात येऊन.

२७ जून

रेंज पाण्याच्या टाकीजवळच येते. पोट्टी टाकीखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते अन् मोबाईलवर अभ्यास करते. म्हशी येतात, कुत्रे येतात, ही उठत नाई. बीएस्सी झाली, फिजिक्स, पहिल्या वर्गात. तरी म्हणते पुन्हा पहिल्यापासून करावं लागते.

काल फॉरेस्टवाले सांगून गेले, नाल्याकडे ठसे दिसले, पाच वाजल्यावर कोणी बाहेर निघू नका. ही निघालीच. मी काठी घेऊन मागं बसली. मले म्हणे, "आजी, वाघ आला तर तू काठीनं काय करशील?" म्हटलं, तुले मारीन, तू ऐकत नाईस म्हणून.

खरं सांगायचं तर वाघाची भीती नाई वाटत. वाघ एकालेच नेते.

१४ जुलै

आज तिचा पेपर नागपूरले. कॉलेजातल्या मैत्रिणीसंगं गेली. आम्ही धानाच्या रोवण्यात. घोटाभर चिखलात दिवसभर वाकून उभी, बाया गाणं म्हणून राह्यल्या, मले एक शब्द सुचला नाई. मनात एकच — नापास होऊ दे. पोट्टी रडन दोन दिवस, मंग इथीच शाळेवर लागन, पोरायले पाढे शिकवन. पाढे चुकले तर कोणी मरत नाई.

हे कोणापाशी बोलता येत नाई. म्हणून इथी लिवलं. तिच्याच कॉलेजच्या वहीची उरलेली पानं आहेत, मागच्या बाजूनं तिचे आकडे, पुढच्या बाजूनं मी.

८ सप्टेंबर

पास!

टाकीपासून पळत आली, चप्पल एकीकडे, ओढणी एकीकडे. प्रवीण गोठ्यातून बाहेर आला अन् तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हसला. खोटं नाई, मी पाह्यलं, दात दिसले. संध्याकाळच्या वंदनेले विहारात गेलो तर सगळ्यायले आधीच माहीत. खीर मीच वाटली. सगळे म्हणत, बायनाबाई, आता तुम्ही विमानात बसा. म्हटलं मी एसटीत बसली तरी उलटी होते.

वाटता वाटता हात गार पडले होते. खीर गरम होती.

१२ ऑक्टोबर

अजून परीक्षा उरल्या. मुंबईले बोलावतील. तिथी कागदं पाहातात, आवाज पाहातात, डोक्याचे प्रश्न विचारतात, अन् अजून काय काय. आवाजाची परीक्षा म्हणजे इंग्रजी मोठ्यानं वाचून दाखवाचं, कुठं अडकाचं नाई, तोतरं बोलाचं नाई. पोट्टी रोज सकाळी म्हशीसमोर उभी राहून इंग्रजी पेपर वाचते. म्हैस रवंथ करत ऐकते. कोंबडी अंड्यावरून उठून गेली.

"आजी, आवाजात भीती दिसली नाई पायजे. पायलटले समजलं का खालची घाबरली, तर तोही घाबरते."

मी म्हटलं, मंग मले तर दारातूनच हाकलतील.

ती हसली. मी काही गंमत केली नव्हती.

१८ नोव्हेंबर

तारीख आली. २६ ले मुंबई. परीक्षा देणाऱ्या पोरायचा एक मोबाईलवरचा ग्रुप आहे, त्यात कोणीतरी सूचना टाकल्या. काय घेऊन याचं, काय खाचं नाई, कोणतं औषध घ्याचं नाई. लघवी तपासणार म्हणे, कोणी नशा करते का म्हणून. दिव्यानीनं मराठी करून करून वाचून दाखवलं. मी भाकरी टाकत होती, चुलीचा धूर डोळ्यात. अर्धं ऐकलं, अर्धं नाई.

"माझ्यावर काय तपासतील, मी तर सुपारीही खात नाई," म्हणे.

खरं आहे. अख्ख्या गावात तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारी ती एकटीच. मी खाते, चोरून नाई, समोर.

२१ नोव्हेंबर

डिंकाचे लाडू केले. थंडीचा प्रवास, दीड दिवस गाडीत, पोट्टी बाहेरचं काही खात नाई. डिंक तळला, खारीक कुटली, खोबरं, गूळ, खसखस. खसखस भाजून वाटून टाकली, दाताखाली येते म्हणून तिले आवडत नाई. बावीस झाले. प्रवीणनं दोन मागितले. दिले नाई. म्हटलं, ते तिचे आहेत, तुले मागून करीन.

२४ नोव्हेंबर

गेली. बल्लारशाहून गाडी. प्रवीण फाट्यापर्यंत बॅग घेऊन गेला, काळीपिवळी आली तर झाडामागं सरकून उभा राह्यला. दिव्यानीनंच बॅग वर टाकली. डबा मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, खाशील नं? "सगळे खाईन, आजी."

२५ नोव्हेंबर

सत्यशीला आली होती, आपली आशा वर्कर. गोळ्यायचा कागद भराले. बोलता बोलता तपासणीची गोष्ट निघाली. म्हणे, "लघवीत गांजा दिसते, अफू दिसते. बाई, खसखशीनंही कधी कधी गडबड होते. अफूच्याच बोंडातली नं ती. आम्हाले ट्रेनिंगमधी सांगितलं होतं."

मी विचारलं, दिसली तर काय? नापास करतात?

"नापास काय! नशेडी म्हणून शिक्का. मंग पुढं कोणताही सरकारी फॉर्म भरू देतील का नाई, कोणाले माहीत. अन् गावात काय बोलतील ते वेगळंच."

नापास वेगळं. नशेडी वेगळं. हे डोक्यात आलंच नव्हतं.

सत्यशीला गेली तरी मी तिथीच बसून. मंग प्रवीणचा मोबाईल घेतला, टाकीखाली गेली. चार वेळा लागला नाई. पाचव्यांदा लागला. मागून चहावाल्याचा आवाज. मी म्हटलं, दिव्या, लाडू—

"दहा संपले आजी! एक मावशी आहे समोर, तिलेही दोन दिले. ती म्हणे तुमच्या आजीले मुंबईले दुकान टाकाले सांगा."

मी म्हटलं, बरं.

बरं! एवढंच निघालं तोंडातून. नको खाऊ म्हटलं असतं तर तिनं "काऊन?" विचारलं असतं. काय सांगणार होती मी? फोन कट झाला. पुन्हा लावला नाई. चांगल्या तीन चकरा टाकीभोवती मारल्या अन् पुन्हा लावला नाई.

२६ नोव्हेंबर

आज तपासणी.



२८ नोव्हेंबर

आली. खुश. आवाज चांगला गेला, साहेब "व्हेरी क्लिअर" म्हणाले. लघवीचं विचारलं तर म्हणे, "डबीत दिली, सही केली, झालं." डबा परत आणला, धुवून. आत एक लाडू नाई.

कधी सांगतील, विचारलं. "सांगतील महिना-दोन महिन्यात. तू काऊन एवढी घाबरली?" मी म्हटलं, मी काऊन घाबरू? मी दिली का परीक्षा?

१३ डिसेंबर

फोन वाजला का हातातलं काम टाकून पळते. आज सिलेंडरवाल्याचा होता. त्याले शिव्या दिल्या. तो म्हणे, "आजी, मी काय केलं?" काही नाई केलं बाबा.

२० डिसेंबर

धान घरात आलं. पोत्यावर पाठ टेकून बसली होती तर प्रवीण समोर उभा. "माय, तू जेवत नाईस." सहा वर्षांत एवढं लांब वाक्य नाई ऐकलं. मी म्हटलं, दात दुखते. तो गेला अन् मिठाचं गरम पाणी करून आणलं. तोंडात धरून बसली. दुखत काहीच नव्हतं. याले सांगावं का? एका पोटात दगड आहे, दुसऱ्यानं कशाले टाकाचा. नाई सांगितलं.

५ जानेवारी

स्वप्नात एक साहेब आला अन् माझ्या पोट्टीच्या कपाळावर गोंदण काढून राह्यला. काय काढलं ते वाचता आलं नाई. जागी झाली तर कोंबडा ओरडत होता. उठून तिचं कपाळ पाह्यलं. बावळटच आहे मी.

१९ जानेवारी

नाव आहे.

यादीत नाव आहे! दिव्यानीनं मोबाईल माझ्या नाकाशी धरला. मले इंग्रजी कुठी येते, पण तिनं बोट ठेवलं तिथी मी बोट ठेवलं. लघवी, आवाज, डोकं, सगळं बरोबर निघालं. मी खालीच बसली. ती म्हणे, "आजी रडून राह्यली." मी म्हटलं, धूर आहे. चूल पेटलीच नव्हती.

सुगंधाबाईची बहू पेढे मागाले आली. दिले. दोन जास्त दिले.

भीती गेली, असं वाटलं. सयपाक होईस्तोवर टिकलं ते. मंग जुनी भीती आली अन् आपल्या जागेवर बसली. आता तर खरंच जाईन ही. खरंच बसन तिथी, पंधरा विमानायच्या खाली.

९ फेब्रुवारी

प्रयागराजले गेली. तिथी त्यायची शाळा. डोळे, कान, रंग ओळखणं, सगळं तपासून घेतलं. लाडू नाई दिले यावेळी. म्हणे, "काऊन नाई केले?" म्हटलं हात दुखते. शेंगदाण्याची चटणी दिली.

२ मार्च

फोन येते रोज, संध्याकाळी. एक पोट्टी केरळची, एक बंगालची, सगळ्या एका खोलीत. भात मनासारखा नाई. वारा, ढग, नकाशे, कायदे शिकवतात. मी म्हटलं, ढगायचे कायदे? हसली. तिच्या हसण्यात आता थोडी घाई असते, जसं मागं कोणी बोलावून राह्यलं.

२६ मार्च

मोहाची फुलं वेचाले गेली होती सकाळी. वरून एक विमान गेलं, पांढरी रेघ ओढत. आधी मी पाहात नसे. आता मान मोडेस्तोवर पाहाते. त्यालेही खालून कोणी सांगून राह्यलं असन. कोणाची तरी पोट्टी.

८ एप्रिल

आता खोटी विमानं देतात म्हणे. एका खोलीत पडदा, त्याच्यावर ठिपके. दुसऱ्या खोलीत माणसं पायलट बनून बोलतात. हिनं त्यायले उंची सांगाची, वाट सांगाची. मागं सर उभे राहातात. सुरुवातीले दोन ठिपके, मंग चार, मंग सात.

"सात झाले का आजी, मले माझाच आवाज ऐकू येत नाई."

जेवली का विचारलं. जेवली नव्हती.

२२ एप्रिल

आज जे होऊ नये तेच झालं.

फोन दुपारी आला, रोजची वेळ नाई. आवाज असा का मी ओळखलाच नाई आधी. "आजी, मी दोन विमानं एकाच उंचीवर आणली. मले वाटलं एकाले खाली पाठवलं आहे. पाठवलं नव्हतं. पडद्यावर लाल झालं. सर म्हणाले, तीनशे चाळीस माणसं. एवढंच म्हणाले, अन् बाहेर निघून गेले."

म्हटलं, खोटीच होती नं ती?

"खोटीच होती. पण मले बाबा दिसला, आजी. आंगणात बसलेला."

मंग रडत म्हणे, "मी घरी येते. परवा पुन्हा परीक्षा आहे, मी नाई देत. मले नाई जमणार. तू ये म्हण, मी आजच गाडीत बसते."

ये. एक अक्षर. वर्षभर मी याच्यासाठी जीव टाकला. तेवढं म्हणून टाकाचं होतं. तोंडाशी आलं होतं. म्हटलं, थांब थोडी, सकाळी सांगते.

फोन खाली केला तर मागं प्रवीण उभा. मोबाईल त्याचा, आवाज मोठा ठेवते तो. सगळं ऐकलं त्यानं. बादली घेऊन विहिरीकडे गेला.

२३ एप्रिल

जसं झालं तसं लिवून ठेवते, नाईतर उद्या मलेच खरं नाई वाटणार.

सकाळी मोबाईल शोधला तर नाई. टाकीकडे गेली. प्रवीण दिव्यानीच्या खुर्चीवर बसला होता, फोन कानाले, अन् पोट्टीशी बोलून राह्यला होता. माझा पोरगा. बोलून राह्यला होता. मी टाकीच्या खांबामागं थांबली.

"...धुकं होतं, बाई. सगळे म्हणाले तुले दिसाले पायजे होतं. पोलीस म्हणाले, गेलेल्यायच्या घरचे म्हणाले. मीही तेच म्हणत राह्यलो. पण नव्हतं दिसत. वीस हात पुढचं नव्हतं दिसत. त्या ट्रकवाल्यानं मागं झाडाची एक फांदी टाकली असती रस्त्यावर, आपण सगळे टाकतो नं गाडी बंद पडली का, एक पळसाची फांदी, तर मी थांबलो असतो. नाई टाकली त्यानं."

मंग तिकडून ती काही बोलली असन.

"नाई, ऐक. चालवणाऱ्याले कधी कधी दिसतच नाई. कोणीतरी सांगणारं पायजे असते. काल तू चुकली, ते खोट्यातच चुकली, बरं झालं. आता तुले माहीत आहे तू कुठी चुकते. तिथीच राह्य. मले कोणी सांगणारं नव्हतं, बाई."

फोन ठेवला अन् मले पाह्यलं. लपली होती ते त्याले आधीच माहीत असन. म्हणे, "माय, चहा ठेव."

फांदी नव्हती. सहा वर्षं मी त्याच्या ताटात भाकरी वाढली अन् हे विचारलं नाई. कोणी ट्रकचं नाव काढलं का मी म्हणायची, चूप राह्य, नको काढू आठवण. मलेच ऐकाचं नव्हतं. मले वाटलं मी त्याले वाचवून राह्यली.

चहा ठेवला. दोघं प्यालो. कप त्यानंच धरला.

२४ एप्रिल

आज तिची पुन्हा परीक्षा. सकाळी देवाले नाई, कोणाले नाई, कोणालेच काही मागितलं नाई. भीती होतीच. पण यावेळी ती नापास होईन याची होती. पहिल्यांदा.

संध्याकाळी फोन. "सात होते आजी. सातही उतरवले. सर काही बोलले नाईत. नाई बोलले म्हणजे चांगलं असते."

१० मे

प्रवीण फाट्यावर गेला होता, पायीच. परत आला तेव्हा म्हणे, मुलचेऱ्याची गाडी उभी होती, चालवणारा ओळखीचा, संगं बसला अर्धा कोस. मागच्या सीटवर. मी भाजी वाढली.

पण मले आता चैन नाई. तो बोलला. सहा वर्षं पोटात होतं ते बोलला, पोट्टीले बोलला. माझ्या पोटातलं अजून तिथीच आहे.

१७ मे

दिव्यानीले आज फोनवर सांगितलं. मुंबईले जायच्या आधी तिनं सूचना वाचल्या, त्यात खसखस खाऊ नका हे होतं. मी ऐकलं होतं. अर्धं ऐकलं असं या वहीत लिवलं, ते खोटं. लाडवात वाटून टाकली ती तिले दिसू नये म्हणून. ती परीक्षेतूनच बाहेर निघावी म्हणून.

तिथी त्यायले सवय लावली आहे, समोरच्यानं सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणाचं, म्हणजे चूक राहात नाई. तिनं हळू म्हटलं, "आजीले माहीत होतं. तरी टाकली."

मी म्हटलं, हाव. बरोबर.

तरी फोन तिनं ठेवला नाई.